थर्मोस्टॅट लावून सहा महिने झाले तरी बिल आहे तिथंच, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट (ठरवलेल्या वेळी घराचं तापमान आपोआप बदलणारा भिंतीवरचा डबा) बसवून सहा महिने झाले, बिल काही उतरलं नाही, उलट दोन महिने जास्तच आलं. त्यात तुमचे मेव्हणे सांगतायत की रात्री घर थंड पडू दिलं की सकाळी तापवायला दुप्पट जळतं, त्यापेक्षा चोवीस तास एकच तापमान ठेवलेलं बरं. तर हे खरं का, आणि सेटिंग नेमकं काय ठेवायचं.

मी वीसेक वर्षं हीटिंग-कूलिंगचीच कामं करतोय आणि हा प्रश्न मला दर थंडीत कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे भिंतीवरचा तो डबा स्वतः एक पैसाही वाचवत नाही. तो फक्त घड्याळ जोडलेला स्विच आहे. तुमची फर्नेस (घर तापवणारी भट्टी) किंवा एसी त्यामुळे जास्त कार्यक्षम होत नाही, घरातली उष्णता बाहेर जायची थांबत नाही, काही नाही. बचत होते ती घर कमी तापवून ठेवलेल्या तासांमुळे (उन्हाळ्यात कमी गार करून ठेवलेल्या). ते तास तुम्ही रोज आठवणीने हाताने बटण दाबून केलेत तरी बचत तेवढीच. पण रोज आठवण राहत नाही आणि झोपेत उठून कोण बटण दाबणार, म्हणून हा डबा. तेव्हा बिल उतरलं नसेल तर आधी डब्याला दोष देऊ नका, असे तास खरोखर होतायत का ते बघा. बहुतेक घरांत ते होतच नसतात, का ते पुढे सांगतो.

आता मेव्हण्यांचं. चुकीचं आहे, पण येडपटपणाचं नाहीये, सकाळी फर्नेस तासभर न थांबता चाललेली ऐकली की कोणालाही वाटेल की बघा आता किती खातंय. असं समजा, पिंपाच्या बुडाला बारीक भोक आहे आणि तुम्हाला पाणी एका पातळीला ठेवायचंय. पातळी जितकी वर तितकी भोकातून धार जोरात. रात्रभर पातळी खाली येऊ दिली तर धार मंद होते, म्हणजे रात्रभरात वाया गेलेलं पाणी कमी. सकाळी पिंप परत वर भरायला एकदम जास्त पाणी लागतं हे खरं, पण ते पाणी रात्री तुम्ही ओतलंच नव्हतं की. तो हिशोब बरोबरीत सुटतो. वर जे उरतं ते मंद धारेमुळे वाचलेलं पाणी, ते नक्की तुमचंच. घरातून बाहेर जाणारी उष्णता अशीच आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर चालते, फरक कमी तर गळती कमी.

आकड्यात बघू. बाहेर 5 अंश, आत 21, फरक 16 चा. रात्री आठ तास तुम्ही 17 ठेवलं तर फरक 12 चा, म्हणजे त्या आठ तासांत गळती पाऊण झाली, पाव हिस्सा वाचला. आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा भाग, पाव भागिले तीन, साधारण 8 टक्के. आणि हेसुद्धा जास्तीत जास्त, कारण घर 21 वरून 17 ला पटकन येत नाही, दोन-चार तास उतरतच असतं, तेवढा वेळ गळती पूर्ण कमी झालेली नसते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा जो आकडा सगळीकडे फिरतो, की रोज आठ तास 7 ते 10 अंश फॅरेनहाइट बदललं तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत बचत, तो आपल्या या हिशोबाशी जुळतो बघा. 7 ते 10 फॅरेनहाइट म्हणजे आपले 4 ते 5.5 सेल्सियस. आणि त्यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा, दुकानातल्या खोक्यावर तो बारीक अक्षरात असतो. आणि ते 10 टक्के पूर्ण बिलाचे नव्हेत, हीटिंग-कूलिंगच्या भागाचे. फ्रीज, गिझर, दिवे यांना थर्मोस्टॅटशी काही देणंघेणं नाही. म्हणजे कोणी तुम्हाला तीस टक्के बिल कमी होईल असं सांगून डबा विकला असेल तर ती विक्रेत्याची भाषा होती, सोडून द्या.

यात एक गंमत आहे. घर जितकं गळकं तितकी ही बचत जास्त. ज्या घरात इन्सुलेशन (भिंती-छतातला उष्णता अडवणारा थर) चांगलं, खिडक्या घट्ट, ते रात्री हीटिंग बंद ठेवलं तरी सकाळपर्यंत एक-दीड अंशच उतरतं, मग वाचणार काय? वाचण्यासारखं आधीच भिंतींनी वाचवलेलं असतं. अशा लोकांचा फोन येतो की थर्मोस्टॅट काम करत नाही, मी सांगतो की काम करतोय हो, तुमचं घरच चांगलं आहे. तुमचं घर रात्री किती उतरतं ते एकदा बघा, त्यावरून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. चार-पाच अंश उतरत असेल तर थर्मोस्टॅट फायद्याचा आहेच, पण खिडक्यांच्या फटी आणि छतावरचं इन्सुलेशन त्याहून जास्त फायद्याचं आहे.

आता ते तास का होत नाहीत ते.

एका घरी गेलो होतो, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, थर्मोस्टॅट लावून दोन वर्षं झालेली, तक्रार तुमचीच. स्क्रीनवर बघितलं तर डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'होल्ड' लिहिलेलं. म्हणजे प्रोग्रॅम बाजूला, जो आकडा शेवटी दाबलाय तोच कायम. हे कधी केलं विचारलं तर दोघांनाही माहीत नाही. मी होल्ड काढलं, आणि काढल्या काढल्या आकडा 16 वर गेला, संध्याकाळचे सात वाजलेले, घरात सगळे जण. मग घड्याळ बघितलं. घड्याळात सकाळचे सात! बसवताना एएम-पीएमची गफलत झाली होती, बारा तासांचा फरक. म्हणजे बिचाऱ्यांनी सुरुवातीला प्रोग्रॅम नीट भरला होता, पण ते संध्याकाळी घरी आले की हा डबा समजायचा की सकाळ आहे आणि आता सगळे कामाला जाणार, घर थंड करायचा. यांनी कुडकुडत चार दिवस काढले असतील, मग कोणीतरी वैतागून 21 करून होल्ड दाबलं, आणि दोन वर्षं ते तसंच. दुखणं घड्याळात होतं आणि शिक्षा प्रोग्रॅमला झाली.

ही काही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. अमेरिकेत ऊर्जा वाचवणाऱ्या उपकरणांना एनर्जी स्टारचं जे सरकारी लेबल असतं ते आधी प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटला मिळायचं, 2009 च्या शेवटी ते काढून घेतलं गेलं, कारण कागदावरची बचत प्रत्यक्ष घरांमध्ये दिसेना. यंत्र चालतं, पण लोक प्रोग्रॅम करत नाहीत, केला तर होल्ड दाबून बसतात. नंतर 2017 पासून ते लेबल स्मार्ट (इंटरनेटला जोडलेल्या) थर्मोस्टॅटना द्यायला लागले, आणि तेसुद्धा घरांमधून गोळा झालेल्या आकड्यांवरून बचत दिसली तरच, त्यांचा सरासरी आकडा हीटिंग-कूलिंगच्या खर्चात 8 टक्क्यांच्या आसपास आहे.

तेव्हा आज संध्याकाळी पहिलं काम, स्क्रीनवर होल्ड, पर्मनंट किंवा मॅन्युअल असं काही दिसतंय का बघा, घड्याळाची वेळ आणि वार दोन्ही तपासा (वार चुकला तर शनिवार-रविवारचा प्रोग्रॅम मंगळवार-बुधवारी चालतो). मधेच कधी गरम किंवा गार हवं असेल तर नुसते वर-खालीचे बाण दाबा, होल्ड दाबू नका. बहुतेक मॉडेलमध्ये बाणाने बदललेला आकडा पुढच्या टप्प्यापर्यंतच टिकतो आणि मग प्रोग्रॅम आपोआप चालू होतो.

सेटिंगचं म्हणाल तर कंपनीने आत भरून दिलेला प्रोग्रॅम तुमच्या घरासाठी नसतो, तो पुसा. चार टप्पे असतात, उठणे, बाहेर जाणे, परत येणे, झोपणे. आधी आठवडाभर कागदावर लिहा की खरंच कोण किती वाजता घरात असतं, कारण आपल्याला वाटतं ते वेगळं आणि असतं ते वेगळं. थंडीत जागे आणि घरात असताना 20 च्या आसपास, झोपेत आणि घर रिकामं असताना 16-17. घरात लहान बाळ, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी असेल तर 18 च्या खाली जाऊ नका, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा थंड हवामानात घरात किमान 18 अंश सांगते, आणि दोन अंशांसाठी आजारपण ओढवून घेण्यात काही हशील नाही. एकदम चार अंश उतरवू नका, आधी दोन करा, आठवडा काढा, कोणाची कुरकुर नाही आली तर आणखी एक. मी बघितलंय की पहिल्याच दिवशी जोशात 15 लावणारा माणूस तिसऱ्या दिवशी होल्डवर असतो.

वेळांबद्दल एक बारकावा आहे, तो कोणी सांगत नाही. घर लगेच थंड पडत नाही, म्हणून झोपायचा टप्पा तुम्ही अंथरुणात शिरता तेव्हाचा ठेवू नका, अर्धा-पाऊण तास आधीचा ठेवा, तेवढी ऊब भिंतींमध्ये शिल्लक असते. बाहेर जायचंही तसंच, 9 ला निघत असाल तर 8:30. उलट उठायच्या वेळेला घर तापायला वेळ लागतो म्हणून तो टप्पा आधी सुरू व्हायला हवा. किती आधी, ते तुमच्या घरालाच विचारा. कडक थंडीच्या सकाळी घड्याळ लावून बघा एक अंश वाढायला किती मिनिटं लागतात. समजा 15 मिनिटं लागली आणि तीन अंश चढायचंय तर पाऊण तास आधी. काही थर्मोस्टॅटमध्ये हे आपोआप असतं, अर्ली स्टार्ट किंवा स्मार्ट रिकव्हरी अशा नावाने, ते चालू असेल तर तुम्ही 6:30 ला 20 हवंय एवढंच सांगायचं, सुरुवात कधी करायची ते तो बघतो. दोन्ही एकदम करू नका, म्हणजे ते फीचर चालू आणि तुम्हीही पाऊण तास आधीची वेळ टाकली, मग पहाटे पाचलाच फर्नेस सुरू, आणि तुम्ही म्हणणार हा डबा येडा आहे.

आता महत्त्वाचं, तुमच्याकडे फर्नेस आहे की हीट पंप ते तुम्ही लिहिलं नाहीये. हीट पंप असेल तर मेव्हण्यांचं म्हणणं अर्धं खरं ठरू शकतं, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

हीट पंप एक युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत दोन-तीन युनिट उष्णता देतो. पण मध्यवर्ती डक्टवाल्या (नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या) सिस्टममध्ये बहुतेक वेळा त्याच्या जोडीला विजेची कॉइल असते, ऑक्झिलरी हीट म्हणतात, ती एक युनिट विजेला एकच युनिट उष्णता देते. घराचं तापमान आणि सेट केलेला आकडा यात फरक फार झाला की थर्मोस्टॅटला वाटतं एकट्या हीट पंपाने भागणार नाही आणि तो कॉइल लावतो. मी स्वतःच्या घरी हीट पंप बसवला तेव्हा शहाणपणा करून रात्रीचं सेटिंग सहा अंश खाली ठेवलं. पहिल्याच महिन्याचं बिल वाढलं. एकदा पहाटे साडेपाचला उठून थर्मोस्टॅटसमोर जाऊन उभा राहिलो तर स्क्रीनवर 'ऑक्स' लागलेलं आणि डक्टमधून वेगळाच कडकडीत गरम वारा येतोय, हीट पंपाचा वारा असा कधी नसतो, तो कोमटच असतो. लोकांना वर्षानुवर्षं सांगणारा मी, आणि माझ्याच घरी हे.

हिशोब असा होतो, आकडे समजण्यापुरते आहेत. रात्री तापमान उतरवल्यामुळे गळती 6 युनिट उष्णतेने कमी झाली, आणि घर थंड होताना भिंती-फरशीतली 9 युनिट उष्णता वापरली गेली. म्हणजे रात्री 15 युनिट उष्णता द्यावी लागली नाही, तीन पटीच्या हीट पंपाला 5 युनिट वीज वाचली. सकाळी ती 9 परत भरायची. हीट पंपाने भरली तर 3 युनिट वीज, निव्वळ फायदा 2. कॉइलने भरली तर 9 युनिट वीज, म्हणजे 4 युनिटचं नुकसान. सगळं गणित सकाळच्या त्या तासाभरावर फिरतं.

म्हणून हीट पंपाला एक-दोन अंशच उतरवा, किंवा उतरवूच नका. थर्मोस्टॅट हीट पंपाचाच घ्या, सेटअपमध्ये सिस्टम टाइप हीट पंप निवडलेला आहे ना ते बघा, आणि ऑक्झिलरी लॉकआउट नावाचं सेटिंग मिळालं तर बाहेर अमुक तापमानाच्या वर कॉइल लावूच नको असं सांगून ठेवा. हळूहळू चढणारी रिकव्हरी असेल तर ती चालू ठेवा, त्यात पहाटे लवकर सुरू होऊन हीट पंप एकटाच काम उरकतो.

फरशीखालून गरम पाण्याचे पाइप असलेलं घर असेल तर रात्रीच्या सेटिंगचा नाद सोडा. काँक्रीटची फरशी तापायलाच तासनतास घेते, रात्री उतरवलेलं सकाळी नाही, दुपारी भरून निघतं. रेडिएटर आणि कंडेन्सिंग बॉयलर असेल तर थोडं जपून. तो बॉयलर धुरातली वाफ पकडून त्यातली उष्णता वापरतो म्हणून कार्यक्षम असतो, आणि ते होण्यासाठी परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असावं लागतं. सकाळी मोठी उडी मारायला लावली आणि पाणी कडक तापवून घर लवकर गरम करायला गेलात तर तोच फायदा जातो. पाण्याचं तापमान कमी ठेवा आणि सुरुवात लवकर करा. साधी गॅस फर्नेस आणि डक्ट असेल तर यातलं काही नको, बिनधास्त तीन-चार अंश उतरवा.

उन्हाळ्याचं गणित तसंच, फक्त दिशा उलटी. घरात असताना 25-26, रिकाम्या घरात 28-29. पूर्ण बंद करू नका, विशेषतः दमट हवेत, कारण एसी नुसता गार करत नाही, हवेतलं पाणीही काढतो. आठ तास बंद घरात दमटपणा साठला की तो गाद्या-पडद्यांत मुरतो, संध्याकाळी एसीला आधी ते सगळं पाणी काढत बसावं लागतं आणि आकडा 25 दाखवत असला तरी चिकचिक जात नाही. आणि फॅनचं बटण 'ऑटो'वर ठेवा. 'ऑन'वर ठेवलं तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहतो आणि एसीच्या गार कॉइलवर जमलेलं पाणी परत हवेत उडवून घरात देतो, शिवाय पंख्याची वीज वेगळी. काही घरांत हे एकच बटण बदलून लोक म्हणालेत की आता बरं वाटतं, मग आकडा एक अंश वर न्यायलाही तयार झाले.

आकडा 28 करून घर लवकर गरम होतं हा समज मात्र काही केल्या जात नाही. साधी फर्नेस एकतर चालू असते किंवा बंद, ती 20 ला जायला जेवढा वेळ घेते तेवढाच 28 सेट केल्यावरही 20 पर्यंत घेते, फक्त तिथं थांबत नाही. लोक थर्मोस्टॅटला गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखं वापरतात. विलेट केम्प्टन नावाच्या संशोधकाने 1986 मध्ये यावरच लिहिलं होतं की लोकांच्या डोक्यात थर्मोस्टॅटची दोन वेगवेगळी चित्रं असतात, काहींना तो नळासारखा वाटतो, जास्त फिरवला की जास्त धार. इतकी वर्षं झाली, मला अजून दर आठवड्याला नळवाले भेटतात. (हीट पंपाला असं केलंत तर कॉइल लागलीच म्हणून समजा.)

अजून एक, थर्मोस्टॅट लावलाय कुठे? त्याच्यावर संध्याकाळचं ऊन पडत असेल, खाली दिवा किंवा टीव्ही असेल, समोर डक्टची जाळी असेल, तर तो घराचं नाही, स्वतःच्या जागेचं तापमान मोजतोय. आतली भिंत, जमिनीपासून दीडेक मीटर, जिथं लोकांचा वावर असतो, तिथं हवा. पण जागा बरोबर असूनही फसगत होते ती मागच्या भोकामुळे. वायर येण्यासाठी भिंतीला पाडलेलं भोक बुजवलेलं नसतं, भिंतीच्या पोकळीतली थंड हवा त्यातून थेट डब्यात शिरते, तो समजतो घर 18 आहे, खोलीत असतात 20, आणि फर्नेस विनाकारण चालत राहते. तपासायला सोपं आहे, एक साधा थर्मामीटर डब्याशेजारी टेपने चिकटवा, वीस मिनिटांनी दोन्ही आकडे बघा, एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर डबा त्याच्या पट्टीवरून काढा आणि भोकापुढे हात धरा. वारा लागला की झालं निदान. वायरच्या भोवती पुट्टी दाबून बसवायची, दहा मिनिटांचं काम. मी तर असे फोन आले की पुट्टीचा गोळा खिशात घेऊनच जातो.

वायरिंग स्वतः करणार असाल तर दोनच गोष्टी. आधी ब्रेकर बंद करा, आणि जुनी वायर काढण्याआधी फोटो काढा, कुठली वायर कुठल्या अक्षराला होती ते दिसलं पाहिजे, रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या माणसाने हाताला लागली ती वायर वापरलेली असते. बारीक रंगीत वायर असतील तर बहुतेक 24 व्होल्टची सिस्टम आहे, आर म्हणजे वीज येणारी, डब्ल्यू हीटिंग, वाय कूलिंग, जी पंखा, सी कॉमन. आर आणि सी चा चुकून स्पर्श झाला की फर्नेसच्या बोर्डावरचा छोटा फ्यूज उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. आणि मागे दोन किंवा चार जाड वायर निघाल्या तर तिथंच थांबा, ती मेन लाइनची वीज आहे, त्यावर 24 व्होल्टवाला डबा लावला तर तो जळेल आणि तुम्हालाही धोका. त्यासाठी लाइन व्होल्टेजचा वेगळा थर्मोस्टॅट येतो, इलेक्ट्रिशियनला बोलवा. वायफायवाल्या बऱ्याच डब्यांना सी वायर लागते, नसेल तर काही मॉडेल बाकीच्या वायरमधून थोडी थोडी वीज उचलतात आणि मग कधीतरी स्क्रीन बंद पडणं, फर्नेस मधेच टकटक करणं असले प्रकार होतात. त्यात डब्याची चूक नसते, उपाशी ठेवलाय त्याला.

आता सर्वात शेवटी करायचं ते, आणि कदाचित तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच असेल. बिल वाढलं म्हणताय, पण तुलना कशाशी केली? रकमेची करू नका, दर बदलतात. युनिटची करा, आणि तीही थंडीच्या मापाने. त्याला हीटिंग डिग्री डे म्हणतात. दिवसाचं सरासरी तापमान 18 पेक्षा जितकं खाली तितके त्या दिवसाचे डिग्री डे, सरासरी 8 असेल तर 10. महिन्याची बेरीज करायची, हवामानाच्या साइटवर तयार मिळते. मग ज्या महिन्यात हीटिंग नसतं त्या महिन्यातले युनिट वजा करा, म्हणजे गरम पाणी, फ्रीज वगैरे बाजूला होईल, आणि उरलेल्या युनिटना डिग्री डेने भागा. समजा गेल्या वर्षी त्याच महिन्यात 300 युनिट आणि 250 डिग्री डे होते, म्हणजे 1.2. यंदा 330 युनिट, पण थंडी जास्त, 310 डिग्री डे, म्हणजे 1.06. बिल वाढलं आणि तरीही तुमची 11 टक्के बचत झाली. थंडी कमी असती तर ती दिसली असती, एवढंच. असं करून आकडा हललाच नाही तर मग होल्ड, घड्याळ, भोक, ऑक्स या क्रमाने शोधा, आणि थर्मोस्टॅटच्या मेनूत रनटाइम म्हणून रोज किती तास हीटिंग चाललं ते दिसत असेल तर दोन आठवड्यांचे आकडे लिहून मला कळवा, सोबत फर्नेस आहे की हीट पंप तेही, मग नेमकं सांगता येईल.

नवा आणखी महागडा स्मार्ट डबा घ्यावा का असंही तुम्ही विचारलंय. ज्यांच्या कामाच्या वेळा रोज बदलतात, शिफ्ट असते, त्यांना उपयोग होतो, कारण घर रिकामं आहे हे तो फोनवरून ओळखतो. रोज ठरलेल्या वेळी जाणाऱ्या-येणाऱ्याला आत्ताचाच पुरतो, फक्त प्रोग्रॅम चालू हवा. आणि घरात दिवसभर कोणी ना कोणी असतंच अशांना दोन्हींचा फायदा फक्त रात्रीपुरता.

आणि हो, नवा लावताना जुना गोल डबा काढला असेल ना, तो उघडून बघा. आत काचेच्या छोट्या नळीत चांदीसारखं काही हलताना दिसलं तर तो पारा आहे, एका नळीत साधारण 3 ग्रॅम असतो. कचऱ्यात टाकू नका, मुलांच्या हाती देऊ नका, नळी न फोडता आख्खा डबा पिशवीत बंद करून घातक कचरा घेतात तिथं नेऊन द्या.